अक्काची किडनी आणि रोजचं कोडं

‘बरी झालीस की लिही,’ असं आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल बाई मला म्हणाल्या होत्या. त्यांच्या हाताखाली मी एकवीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, त्यामुळे मला लिहिता येत असेल असा त्यांचा गैरसमज आहे. पण या आजारात बरं होणं हा प्रकारच नाही. किडन्या गेल्या त्या गेल्या. म्हणून वाट न पाहता मी हे बहुतेक मशीनवर बसूनच लिहिते आहे.

तुम्हाला नुकतंच कोणी ‘डायलिसिस करावं लागेल’ असं सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. औषधांची नावं आणि आकडे तुम्हाला दवाखान्यात मिळतील, ते मी लिहिणार नाही. धीर देण्याच्या कामातही मी कच्चीच आहे. भेटायला येणारी माणसं ‘होईल सगळं छान’ म्हणतात तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी फक्त काय काय झालं ते सांगणार आहे. त्यात निम्मं माझ्या बहिणीबद्दल आहे आणि बरंचसं पेपरातल्या शब्दकोड्याबद्दल. त्याला इलाज नाही, कारण माझा आजार तसाच गेला.

सूज

सुरुवात पायांच्या सुजेने झाली. मग डोकं दुखायला लागलं, जेवणावरची वासना गेली. आम्ही फैजपूरला राहतो. आमच्या भागात कमरेच्या वर दुखलं की मूतखडा, आणि मूतखड्यावर केळीच्या खुंटाचा, म्हणजे खोडाचा, रस, हे लहान पोरालाही माहीत. आमच्या यांची अडीच एकर केळी आहे. त्यांनी रोज सकाळी ताजा खुंट तोडून, ठेचून, फडक्यातून पिळून पेलाभर रस मला तीन आठवडे पाजला. चवीला तुरट, वास चिखलाचा. ते प्रेमाने पाजत होते आणि मी मुकाट्याने पीत होते. सूज वाढतच गेली.

शेवटी जळगावला सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. काळे काळे गोल, लहान-मोठे, एकाला एक चिकटलेले. ‘हे सगळे पाण्याचे फोड. दोन्ही बाजूंना आहेत,’ ते म्हणाले. ‘हा आजार घराण्यात चालत येतो. घरी कोणाला किडनीचा त्रास होता का?’

मी म्हणाले, ‘नाही.’

ते मी खोटं बोलले नव्हते. माझी आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली तेव्हा चाळीसगावजवळच्या आमच्या गावात सगळ्यांनी एकच सांगितलं, सूज चढली नि गेली. आमच्याकडे सूज हाच आजार होता, तिच्यामागे आणखी काही असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. घरी परतताना एसटीत मला आईचा शेवटच्या दिवसांतला चेहरा आठवला. डोळे सुजून बारीक झालेले. मी यांचा हात धरला तो फैजपूर येईपर्यंत सोडला नाही.

आम्हाला मूल नाही. त्यावरून मी आयुष्यभर लोकांचं ऐकून घेतलं, देवळं केली, रडले. त्या दिवशी एसटीत मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना आईचं सांगितलं. ते म्हणाले, ‘सख्खी भावंडं असतील त्यांची सोनोग्राफी करून घ्या.’ सख्खं भावंड एकच, माझी अक्का. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, धुळ्याला दिलेली. मी तिला फोनवर सांगितलं.

‘माले काय धाड भरनी शे?’ अक्का म्हणाली. ‘तीन जिना चढी जास मी दिनमा दहा डाव.’

मी बरं म्हणाले. दुसऱ्यांदा मी तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते पुढे येईल.

आडवे, उभे

अक्काची शाळा सातवीत सुटली. पण शब्दकोडं तिच्यासारखं मी कोणाला सोडवताना पाहिलेलं नाही. तिचं लग्न झालं, मी मागे राहिले, आणि फोन घरात आले तेव्हापासून आमचा नेम आहे. दोघींकडे पेपर एकच, कोडंही एकच. आधी आपापलं सोडवायचं, मग सकाळी साडेसातला फोन. नमस्कार-चमत्कार नाही, एकदम ‘आडवे चार?’ हेच आमचं कशी आहेस.

नियम दोन. मोबाईलमध्ये उत्तर शोधायचं नाही. आणि कोडं संपल्यावर एका शब्दाचं माहेर शोधायचं, त्याला मात्र मोबाईल चालेल. शब्दाचं माहेर हा अक्काचा शब्द, म्हणजे तो कुठून आला आणि त्यामागे काय काय आहे ते. बटाटा, पगार, चावी हे तिन्ही पोर्तुगीजांच्या बोटीतून आले हे कळलं तेव्हा ती दोन दिवस खूश होती. ‘म्हणजे त्या लोकेस्ना येवाना आगोदर आपला माणसं पगार नही, तं काय लेत व्हतात व?’ केळीचं झाड हे झाडच नव्हे, ते प्रचंड मोठं गवतासारखं रोप आहे आणि त्याचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ, हे आम्ही असंच शोधलं. मी ते यांना सांगितलं. जन्मभर केळी लावणाऱ्या माणसाला. ते म्हणाले, ‘मले शिकवते का?’ आणि बांधावर निघून गेले.

आजार आला आणि यातलं काहीच बदललं नाही, फक्त तीन दिवसांची वेळ बदलली. सोमवार, बुधवार, शुक्रवार अक्काचा फोन साडेसातऐवजी नऊला यायला लागला. तोवर मी मशीनला लागलेली असायचे.

चार तास

पहाटेची जळगावची एसटी, मग रिक्षा, मग वजनकाटा. दोन दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते काट्यावर कळतं. जास्त भरलं की तिथल्या टेक्निशियन वैशालीताई भुवया चढवतात, ‘काय ताई, पाहुण्यांकडे गेल्या होत्या का?’ मग डाव्या हातात दोन जाड सुया. एका नळीतून सगळं रक्त बाहेर येतं, मशीनमधून धुऊन दुसऱ्या नळीतून परत आत जातं. चार तास. मग घरी जाऊन झोपायचं, कारण त्या दिवशी अंगात दुसरं काही करायची ताकद उरत नाही. मंगळवारी थोडं माणसात यायचं आणि बुधवारी परत एसटी.

सगळ्यात वाईट काय, असं विचाराल तर तहान. दिवसाला चहा, वरण, सगळं धरून तीन पेले. मी एका छोट्या बाटलीला खूण करून ठेवली होती. उन्हाळ्यात जळगावात सावलीतही अंग भाजतं, तेव्हा मी त्या बाटलीकडे बघत बसायचे. नळाखाली भांडी घासताना पाण्याचा आवाज ऐकून मला रडू यायचं. एकदा यांनी माठातून पाणी घेऊन माझ्यासमोर घटाघटा प्यायलं, सवयीने. मी त्यांना नाही नाही ते बोलले. तेव्हापासून ते पाणी प्यायला अंगणात जातात.

त्याच सुमारास कोड्यात आलं, ‘वाळवंटातले जहाज, दोन अक्षरी.’ उंट. माहेर शोधताना कळलं की त्याच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. पाणी तो वाचवतो किडनीने. लघवीत जाणारं पाणी त्याची किडनी जवळजवळ सगळं मागे ओढून घेते. मी अक्काला म्हणाले, माझं नशीब बघ, मी आज एका उंटावर जळते आहे. अक्का हसली नाही.

दुसरी बंदी केळ्याची. केळ्यात जे क्षार असतात ते आमची किडनी बाहेर टाकू शकत नाही, आणि ते साठले की हृदय बंद पडतं. फैजपूर-सावद्याकडच्या माणसाला केळं बंद. आणि आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना काय नेतात, तर केळीची फणी. ओसरीवर फण्या पिकून काळ्या पडायच्या. बटाटा खायचा तर चिरून रात्रभर पाण्यात भिजवायचा, उकडायचा, पाणी फेकून द्यायचं. मग जे उरतं त्याला भाजी म्हणायची.

शेजारची खुर्ची

माझ्या शेजारच्या खुर्चीवर रतनभाऊ असायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे, साठीचे, सालदारकी केलेले, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबलेले. वाचता येत नव्हतं. पहिला महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी कोडं मोठ्याने वाचायला लागले की डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी अडले होते, ‘होळीचा रंग ज्याच्या फुलांपासून करतात ते झाड, तीन अक्षरी.’ मला शेवरी सुचत होतं. डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, ‘पळस. येवढं येत नाही तं पेपर कायले घेते?’

त्यानंतर झाडं, पक्षी, मासे, गवत, सगळं त्यांच्याकडे. उत्तर दिलं की त्याचं पूर्ण चरित्र सांगायचे. पळसाच्या मुळाची सालं कुटून दोर करायचे, तो पाण्यात लवकर कुजत नाही, हे कुठल्या मोबाईलमध्ये मला मिळालं नसतं. अक्का फोनवरून त्यांना विचारायची, ‘भाऊले इचार, चारोळी कोणत्या झाडले येस?’ आणि ते माझ्याकडे न बघता फोनकडे बघून उत्तर द्यायचे. ते भांडकुदळ होते. उशीर झाला की वैशालीताईंवर ओरडायचे, आणि गाडीची वेळ होते म्हणून साडेतीन तासांतच सुया काढायला लावायचे. त्यांची गाडी दिवसाला एकच होती, ती चुकली की मुक्काम पडायचा.

एका सोमवारी ते आले नाहीत. बुधवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ होते. मी वैशालीताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हाताला पट्टी बांधायला लागल्या. इथे कोणी कोणाबद्दल विचारत नाही, खुर्चीवर कोण बसलंय ते बघितलं की समजतं. त्या दिवशी मी पेपर उघडला नाही. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुले काहीतरी करनं पडी.’

तीन हृदयं

करण्यासारखं एकच होतं, दुसऱ्याची किडनी. यांना मधुमेह, त्यांची घेता येणार नव्हती. मेंदू मृत झालेल्या माणसांची मिळते, त्या यादीत माझं नाव आहे. ती यादी कुठवर आली हे विचारणं मी सोडून दिलं आहे.

अक्काची घ्यावी असं मी तिला कधीच म्हणाले नाही. पण मनात होतं. रोज होतं. तिचं रक्त माझ्याच गटाचं, हे मला तिच्या बाळंतपणात मी तिला रक्त दिलं तेव्हापासून माहीत. डॉक्टरांनी तिची सोनोग्राफी सांगितली होती आणि मी दुसऱ्यांदा तो विषय काढला नाही, तो यासाठी. तपासलं नव्हतं तोवर तिच्या दोन्ही किडन्या चांगल्या होत्या. त्यातली एक माझी होती. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

रतनभाऊंनंतर आठ-दहा दिवसांनी कोड्यात ‘आठ पायांचा समुद्री जीव’ आला. ऑक्टोपस. अक्काने त्याचं माहेर स्वतः शोधून ठेवलं होतं. ‘त्याले तीन हृदय ऱ्हातस,’ ती म्हणाली. मी म्हणाले, मजा आहे त्याची. मग ती म्हणाली, ‘शालू, माले दोन शेतस ना. एक तुले दी टाकसू.’

वैशालीताई बाजूलाच मशीनचा आकडा लिहून घेत होत्या. मी तोंडावर पेपर धरला.

‘त्यामा रडवानं काय?’ अक्का म्हणाली. ‘फक्त माले दीड महिना दे. थोडं काम शे. मंग येस मी जळगावले.’

कसलं काम ते तिने सांगितलं नाही. मला वाटलं, सुनेचं काहीतरी असेल. तो दीड महिना मी काय सांगू. मी बाटलीवरची खूण पुसून टाकायची स्वप्नं पाहिली. उन्हात उभं राहून तांब्याभर पाणी वरून ओतत प्यायचं, गळ्यावरून ओघळू द्यायचं. गाडीत खिडकीशी बसून केळं सोलायचं. आमचे हेसुद्धा त्या दिवसांत फार गुणी वागत होते. रविवारी सकाळी उठून कुठेतरी जायचे आणि माझी नजर चुकवत परत यायचे. मला ते फार लक्षात आलं नाही. आशा लागली की माणूस आंधळा होतो, हे म्हणतात ते खोटं नाही.

मळकी कशी देऊ

अक्का आली ती नऊवारी नेसून, लग्नाला यावं तशी. रक्त दिलं. दुपारी डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावलं. कागद हातात होता. ‘तुमच्या रक्तात क्षार फार वाढलेत,’ ते अक्काला म्हणाले. ‘धोक्याच्या जवळ आहेत. केळी खूप खाता का?’

‘केळी नही खात,’ अक्का म्हणाली. मग तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. तो वास मी ओळखला. ‘हाऊ रस पेस. खुंटना. सकाळ-संध्याकाळ, चाळीस दिन व्हयनात. बहिणले देवानी चीज शे डॉक्टरसाहेब, मळकी कशी देऊ? साफ करीसन आणी शे.’

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आमच्या आईने आम्हाला शिकवलं होतं, कोणाला भांडं द्यायचं तर घासून, पुसून द्यावं. त्या शिकवणीने अक्काने किडनी घासायला घेतली होती. मी यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते. दर रविवारी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती धुळ्याला खुंट तेच पाठवत होते.

‘तिनंच सांगितलं होतं, तुले सांगू नको म्हणून,’ ते पुटपुटले.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चांगल्या किडनीने या रसातले क्षार बाहेर टाकले असते, एवढंच म्हणाले. मग लगेच सोनोग्राफी करायला सांगितली. मी अक्काबरोबर आत गेले. अंधारी खोली, पोटावर गार जेल. पडदा माझ्याकडे वळवायची गरज नव्हती. काळे काळे गोल, लहान-मोठे, एकाला एक चिकटलेले.

‘हाई काय शे?’ अक्काने विचारलं.

डॉक्टरांनीच तिला सांगितलं. तिच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या आणि तिला पत्ता नव्हता. रसाने त्या बिघडल्या नव्हत्या, रसाने फक्त ते पहिल्याच दिवशी उघडं पाडलं.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. अक्का पदराने पोट पुसत होती, जेल लागलेलं राहिलं होतं. पुसता पुसता ती म्हणाली, ‘तुले देता नही उनी.’

आता तुम्हाला वाटेल मी तिला जवळ घेतलं असेल. नाही घेतलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो माझी किडनी गेली हा. अक्काच्या गेल्या हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये किती वेळ गेला ते मला माहीत नाही, पण वेळ गेला. आणि तेवढ्या वेळात मी तिला म्हणाले, ‘तुला तेव्हाच तपास म्हटलं होतं.’

तिने पिशवी उचलून काखेत घेतली. मी एकदाच म्हटलं होतं, आणि ते एकदाच का, हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. ती संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला गेली.

एकोणीस दिवस

अक्काचा फोन आला नाही. मीही केला नाही. घरात मी आणि हे एकमेकांशी फक्त भाजीपुरतं बोलत होतो. एकदा मी त्यांना म्हणाले, तुमच्या त्या रसाने घर खाल्लं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, ‘मले जे येते ते मी केलं. मले रक्त धुता येत नाही.’ त्यानंतर मी त्यांना टोचून बोलणं बंद केलं. मशीनच्या दिवशी पहाटे उठून ते मला गाडीवर सोडायचे, त्यात मात्र त्यांच्याकडून एक दिवस चुकला नाही.

कोडं मी एकटीने सोडवून पाहिलं. सुटायचं. पण सुटलं तरी कोणाला सांगायचं. शब्द भरून झाला की तो नुसता चौकटीत बसलेला दिसायचा. मी काही दिवस पेपर खुर्चीत मागे टाकून यायला लागले. त्या दिवसांत मला मशीन सोडून द्यावं असं वाटत होतं. एका शुक्रवारी मी एसटीला गेलेच नाही. रविवारी रात्रीपर्यंत श्वास पुरेना आणि सोमवारी यांनी मला जवळजवळ उचलून नेलं. तुमच्यापैकी कोणाला असं वाटलं तर मी उपदेश करणार नाही. फक्त सांगते, त्या मरणात शांतता नसते, बुडाल्यासारखं होतं.

विसाव्या दिवशी, नऊ वाजून पाच मिनिटांनी, फोन वाजला. ‘उभे अकरा,’ अक्का म्हणाली. ‘मूत्रपिंड, दोन अक्षरी. याले आखो दुसरं नाव बी शे का?’

कोडं लावणाऱ्याचा काही दोष नाही, त्याला काय माहीत. मी म्हणाले, ‘वृक्क.’

‘काय?’

‘वृक्क. जुनं संस्कृत नाव आहे. आयुर्वेदात आहे.’

‘इतलं कठीण नाव,’ अक्का म्हणाली. ‘खराब व्हनारच.’

मी हसले. सुया हातात होत्या, हलायचं नव्हतं, तरी हसले. मग मी तिला सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा का बोलले नाही ते. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘माले माहीत व्हतं. मी बी तेनाकरताच नही गयी तपासाले. खराब निंघती तं तू कोनाकडे देखती?’

आता

या गोष्टीला वर्ष होत आलं. माझ्यात काही बदल नाही. यादी जिथे आहे तिथे आहे. सुया टोचतात त्या हातातल्या नसेत मध्ये एकदा रक्ताची गाठ झाली, ती काढली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आता तिसरा माणूस आला आहे.

अक्काच्या किडन्या डॉक्टरांनी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण त्या झपाट्याने गेल्या. फोनवर कोड्यानंतर आता शब्दाचं माहेर कमी आणि स्वयंपाक जास्त असतो. बटाटा कसा भिजवायचा, पालक का नाही, ताक किती, तहान लागली तर लिंबाची चकती कशी चोखायची. सगळ्या गोष्टी लहानपणापासून तिने मला शिकवल्या. वेणी घालायला, चूल पेटवायला, सासरी कमी बोलायला. मी तिला शिकवलेली ही पहिलीच विद्या. तिला दोन मुलं आहेत. थोरल्याची सोनोग्राफी चांगली निघाली. धाकटा तपासायला तयार नाही, आणि अक्का त्याला दुसऱ्यांदा सांगायला घाबरते. मी तिला म्हणते, सांग. रोज सांग. तो वैतागेपर्यंत सांग. तुम्हालाही हेच सांगते, या सगळ्या लिखाणात उपदेश असेल तर एवढाच आहे.

गेल्या महिन्यात धुळ्याला, मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून, तिच्या हाताची नस जोडायचं ऑपरेशन झालं. तिचेही दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरले, सकाळी नऊ. ती धुळ्यात, मी जळगावात. उद्या तिचा पहिला दिवस.

आज सकाळी तिने कोडं विचारलंच नाही. म्हणाली, ‘शालू, सुई टोचतस ना, भलतं दुखस का व?’

वर मी लिहिलंय की खोटा धीर देणाऱ्यांची मला चीड येते. मी म्हणाले, ‘नाही गं. कळतसुद्धा नाही.’

अक्काने लगेच पकडलं.

‘मंग पहिल्या दिवशी तू माले फोन करीसन का बरं रडी ऱ्हायनी व्हती?’

मग तिनेच सांगितलं, ‘उद्या नऊले फोन लाव. रडू उनं तं मी रडसू. तू ठेऊ नको.’

मी हो म्हणाले.